अर्धा एमएम

नानांच्या घरात झाकण असलेली कुठलीही वस्तू सुरक्षित नाही. श्रीखंडाचा डबा अजून अर्धा भरलेला असतो, काकू वाटीत वाढून घेत असतात, आणि नाना पलीकडच्या खोलीतून विचारतात, "किती राहिलंय गं?" नवख्या माणसाला वाटतं, नानांना श्रीखंडाची भारी आवड. नानांना मधुमेह आहे, श्रीखंड वर्ज्य. त्यांना डबा हवा असतो. आणि तो हातात आला की बुडाला अंगठा दाबून बघतात, नखाने टिचकी मारतात आणि तोंड वाकडं करून परत देतात. "पीपी आहे. याला ड्रिल लागत नाही, नुसतं लोळतं."

मागे एका साखरपुड्यात मुलाकडच्यांनी सुक्या मेव्याचा पत्र्याचा डबा आणला होता. सगळे काजू-बदामांकडे बघत होते. नानांनी डबा उचलला, बिजागरी दोनदा उघडमीट करून पाहिली, कडा चाचपली आणि मुलाच्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, "या डब्याचं नंतर काय करणार आहात?" त्या गृहस्थांना हा मानपानाचा काहीतरी गुंता असावा असं वाटलं. ते घाईघाईने बायकोला बोलवायला गेले.

नाना म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेले निवृत्त गृहस्थ, असं सोसायटीत समजलं जातं. हे अर्धसत्य आहे. भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. टाकी भरल्याचा अलार्म, देव्हाऱ्यातल्या दिव्याचा डिमर, मंडळाच्या गणपतीमागचे पळते दिवे असं काय काय ते लोकांना करून देतात, हे खरं. पण सर्किट हे निमित्त. नानांचा जीव रमतो तो डब्याला भोक पाडण्यात. कनेक्टरचं भोक, स्विचचं भोक, एलईडीचं भोक, वायर आत जायचं भोक. पळत्या दिव्यांचं सर्किट ते बातम्या ऐकता ऐकता उरकतात. "त्यात आहे काय? ५५५ टिकटिक करतो आणि ४०१७ प्रत्येक टिकेला दहा पायांपैकी पुढच्या पायावरचा दिवा लावतो. ५५५ बाजारात आला १९७२ साली. तेव्हापासून त्यात डोकं लावण्यासारखं काही उरलेलं नाही." मग टीव्ही बंद होतो, चष्मा बदलला जातो आणि डोकं लावण्यासारखं जे आहे ते टेबलावर येतं. रिकामा डबा.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. घरातलं बाकी सगळं 'चालतंय तोवर चालू दे' या तत्त्वावर असतं. नळ गळतो, पंखा कुरकुरतो, दाराची कडी वर्षानुवर्षं दोरीने बांधलेली असते. पण यांनी बसवलेला स्विच पत्र्यात इतका घट्ट आणि सरळ बसलेला असतो की तो तिथेच उगवला असावा. मी एकदा धीर करून कडीचं विचारलं. "ती दाराची आहे," नाना म्हणाले. विषय संपला.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांवर नानांचा फार जुना राग आहे. सर्किटचा नकाशा, पीसीबीचा नकाशा, पार्टांची यादी, कुठला रेझिस्टर किती ओहमचा याचा कीस काढून पानंच्या पानं भरायची, आणि शेवटच्या ओळीत सांगायचं, हे सर्व एखाद्या योग्य डब्यात बसवा. "तीन पानं त्यावर आणि एक ओळ यावर!" नाना कळवळून म्हणतात. "सर्किट जोडायला दोन तास. त्या एका ओळीला दोन रविवार. लिहिणाऱ्याने जन्मात कधी डबा कापला असता तर उलटं लिहिलं असतं." त्यांनी संपादकांना पत्रही पाठवलं होतं. ते छापून आलं नाही. ते आलं असतं तरी अंकात जागा पुरली नसती, कारण त्यात फक्त पॉटबद्दल चार पानं होती.

पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, आवाज कमीजास्त करायची बटणं ज्याच्या दांड्यावर बसतात तो. त्याच्या तोंडाशी, मुख्य दांड्याच्या बाजूला, पत्र्याचा एक बारीक कान वर आलेला असतो. हा कान पॅनलमध्ये अडकावा म्हणून पॉटच्या मोठ्या भोकाशेजारी तीनेक एमएमचं एक लहान भोक पाडायचं असतं. दहातले नऊ लोक ते पाडत नाहीत. पक्कड घेतात आणि कान मोडून टाकतात. पॉट सपाट बसतो, नट आवळला जातो, काम झालं. मग काही महिन्यांनी नट सैल होतो, बटण फिरवलं की अख्खा पॉट फिरतो, मागच्या तीन वायरी पिळून तुटतात आणि लोक म्हणतात, सर्किट गेलं. नानांच्या मते माणसाची पारख करायला यापलीकडे काही लागत नाही. पुतणीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, स्वभावाने चांगला, हौसेने गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बनवलेला. घरच्यांनी नानांना पाठवलं, तुम्हाला त्यातलं कळतं, जरा बोलून या. नाना परत आले ते गप्प. शेवटी काकूंनी विचारलं, "अहो, मुलगा कसा वाटला?"

"बरा आहे. पॉटचा कान मोडलाय."

लग्न झालं, संसार उत्तम चालला आहे. नाना अजून वाट बघताहेत.

नानांच्या कामाची पद्धत ठरलेली. पॅनलवर मास्किंग टेप चिकटवायची, म्हणजे खुणा स्पष्ट दिसतात आणि ड्रिल घसरलं तरी रंगावर ओरखडा येत नाही. व्हर्नियरने कनेक्टरचं माप घ्यायचं, दोनदा. पुन्हा तिसऱ्यांदा, कारण पहिल्या दोन मापांत फरक आलेला असतो. रेघा मारायच्या. जिथे रेघा छेदतात तिथे सेंटर पंचने ठोका मारायचा, म्हणजे ड्रिलच्या टोकाला बसायला खळगा मिळतो. पंच न मारता ड्रिल लावणाऱ्या माणसासमोर नाना उभे राहू शकत नाहीत, त्यांना खरोखर गरगरतं. "बीट पळतो रे! आपण इथे म्हणतो, तो तिथे जातो." मग तीन एमएमचं पायलट भोक. मग मोठं. पातळ पत्र्यात मोठा ड्रिल सरळ घातला तर भोक गोल न होता तिकोनी होतं, कारण ड्रिलचं टोक पलीकडे निघून गेलेलं असतं आणि त्याच्या अंगाला अजून धरायला भिंत मिळालेली नसते. यावर नानांचा तोडगा म्हणजे पत्रा आणि ड्रिल यांच्यामध्ये सुती कापडाची चौपदरी घडी. भोक गोल येतं. काकूंची एक जुनी इरकल या कामी हप्त्याहप्त्याने खर्ची पडली. ती जुनी होती यावर दोघांचं एकमत नाही.

आणि सगळ्याच्या वर नानांचा अर्धा एमएम. "हवं त्यापेक्षा अर्धा एमएम लहान पाड. लहान असलं तर हातात कानस आहे. मोठं झालं तर हातात फक्त कपाळ." हे वाक्य नाना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. कुरिअरवाल्यालाही ऐकवलेलं आहे. स्वतः मात्र ते ड्रिल चालू झाल्यावर त्या आवाजात सगळं विसरतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीच्या अलार्मची हकिगत मी समोर बसून पाहिलेली आहे. साधा एबीएसचा डबा, त्यावर एक लाल एलईडी लावायचा, त्याच्या होल्डरला ८ एमएमचं भोक. नानांनी स्टेप ड्रिल काढला. हा ड्रिल उलट्या दीपमाळेसारखा असतो, खाली निमुळता आणि वर पायरीपायरीने रुंद होत गेलेला. चारची पायरी, सहाची, आठची, दहाची. एकाच ड्रिलने हवं ते भोक मिळतं, फक्त हव्या त्या पायरीवर थांबावं लागतं. दोन एमएमच्या मऊ प्लास्टिकमध्ये थांबणं सोपं नसतं. नाना आठवर थांबायच्या बेतात असताना शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली आणि ड्रिल दहावर गेला. होल्डर भोकातून सरळ आत पडला. आत पडल्याचा आवाजही ऐकू आला.

"हरकत नाही," नाना म्हणाले. "नुसता एलईडी काय कामाचा? अलार्म वाजल्यावर बंद करायला बटण नको? बारा एमएमचं पुश बटण लावू. एलईडी बाजूला घेऊ." बाराला जाताना ड्रिल किंचित कलला आणि भोक लांबट झालं. लांबट भोक गोल करायचा एकच मार्ग असतो, ते आणखी मोठं करणं. सोळा. सोळा एमएमचं फार सुंदर बटण मिळतं, स्टीलचं, भोवती दिव्याची कडी. नाना बसने तपकीर गल्लीत गेले. त्या दिवशी सोळाचं बटण कुठल्याच दुकानात नव्हतं. बावीसचं होतं. कारखान्यांतल्या पॅनलवर जी बटणं नि दिवे असतात त्यांचं जगभर ठरलेलं भोक साडेबावीस. नानांचे हात त्यावर उभी नोकरी फिरलेले. आता मापात शंका नाही, चूक नाही. स्टेप ड्रिलने बावीस, वरचा अर्धा एमएम कानशीने. भोक असं आलं की नाना दोन मिनिटं बोट फिरवत बसले. फक्त या मापाच्या बटणाचा मागचा भाग बोटभर खोल असतो, तो मूळ डब्यात मावेना. म्हणून डबा बदलला, आणि नव्या डब्यात पुन्हा साडेबावीस.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना आठ दिवसांनी त्यांचा टाकीचा अलार्म मिळाला. पिवळा पत्र्याचा डबा आणि त्यावर तळहाताने थापायचं लाल, छत्रीच्या आकाराचं एमर्जन्सी स्टॉप. वहिनी जरा चाचरल्या. "नाना, हे... इतकं मोठं?"

"टाकी भरून जिन्यावरून पाणी वाहायला लागलं, तर ती एमर्जन्सी नाही?"

वहिनींची मुलं दिवसभर ते थापतात. वहिनी म्हणतात, त्यांच्या घरी इतकी भक्कम वस्तू दुसरी नाही.

तपकीर गल्लीत नानांना सगळे ओळखतात. ओळखतात म्हणजे ते दुकानाच्या दिशेने येताना दिसले की काउंटरवरचा पोरगा मालकाला हाक मारतो. नाना खिशातून व्हर्नियर काढतात आणि कनेक्टर मोजायला बसतात. गोल, चार पिनांचा, ज्याला सोळा एमएमचं भोक लागतं असा कनेक्टर मागायचा, तो दिला की त्याची मान मोजायची, १५.८ भरली की दुसरा मागायचा; तो १५.७ भरला की पहिला परत मागायचा. "काका, वायर जोडा, चालेल," असं पोरगा म्हणतो. चालेल हा शब्द नानांच्या लेखी कारागिराचा अपमान आहे. पण मालक मुरलेला. त्याने एकदा नानांना सांगितलं, "नाना, तुमच्यासाठी एक जोडी बाजूला काढून ठेवलीये, अगदी मापाची." ती कुठलीही जोडी होती. नानांनी तीही मोजली, पण हसत मोजली.

या गोल कनेक्टरचं एक दुष्ट वैशिष्ट्य आहे. वायरीच्या बाजूच्या भागाला मागून एक टोपण असतं, आणि ते टोपण वायर सोल्डर करण्याआधी वायरीत ओवावं लागतं. नंतर ओवता येत नाही; एका टोकाला कनेक्टर झालेला असतो, दुसऱ्या टोकाला आख्खं यंत्र. नाना चार वायरी सोलतात, कथिल लावतात, एकेक पिनेत बसवतात, त्यावर बारकी नळी सरकवून तापवून आवळतात, वायर ओढून बघतात, भिंगातून बघतात, समाधानाने मान डोलावतात आणि टोपणाकडे हात नेतात. टोपण टेबलावर. खोलीत एकदम शांतता. ड्रिल नाही, कानस नाही, पुटपुटणं नाही. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो, "राहिलं का?"

काकूंना इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही. पण या शांततेचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक आहे. टेबलासमोरच्या भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीखाली, नानांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी आहे: 'आधी टोपण'. काकूंच्या मते ती चिठ्ठी गणपतीच्या वर लावायला हवी होती.

आता खरी परीक्षा. गोल भोक यंत्र पाडतं, चौकोनी भोक माणसाला पाडावं लागतं. कॉम्प्युटरच्या मागे आपण तीन पिनांची पॉवर केबल खोचतो, ते सॉकेट घ्या. नानांच्या भाषेत सी-१४. पॅनलमध्ये शिरणारा त्याचा भाग साधारण २७ बाय २०, दोन कोपरे तिरके छाटलेले, दोन्ही बाजूंना स्क्रूची भोकं आणि त्यांच्यातलं अंतर ४० एमएम. हे ॲल्युमिनियमच्या पत्र्यात कापायचं. नाना आखणी करतात, मग रेघेच्या आतून, रेघेला न शिवता, टिंबांची रांग काढतात. प्रत्येक टिंबावर पंच, प्रत्येक टिंबाला तीन एमएमचं भोक. वीस-बावीस भोकं होतात. आयटीआयमध्ये याला चेन ड्रिलिंग म्हणतात. ड्रिल अडखळायला लागला की केरोसीनचा एक थेंब. ते केरोसीन हल्ली कुठून येतं हे नाना सांगत नाहीत. मग हॅक्सॉच्या तुटक्या पात्याला चिंधी गुंडाळून केलेली करवत घेऊन भोकांमधल्या भिंती एकेक कापायच्या. शेवटची भिंत सुटली की मधला तुकडा 'टिण्' करून फरशीवर पडतो. नाना तो उचलून काचेच्या बरणीत टाकतात. बरणी तीन-चतुर्थांश भरलेली आहे. इतका ऐवज त्यांनी बँकेत ठेवला नसेल.

तरी हे अजून भोक नाही. कडा करवतीच्या दात्यांची झालेली असते. तिथून कानशीचं राज्य सुरू होतं. चपटी, चौकोनी, तिकोनी, अर्धगोल, गोल. ॲल्युमिनियम मऊ, त्याचा कीस कानशीच्या दात्यांत रुतून बसतो आणि मग कानस कापायचं सोडून घासत बसते. म्हणून आधी कानशीला खडू चोळायचा. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. आयटीआयच्या पहिल्या वर्षी लोखंडाचा चौरस दुसऱ्या तुकड्यातल्या चौकोनी खाचेत बसवायला लावतात आणि दोन्हींमधून उजेड दिसतो का ते बघतात. नानांच्या मास्तरांनी तेव्हा त्यांचा जॉब ट्यूबलाइटसमोर धरला होता आणि काही न बोलता परत दिला होता. नाना अजूनही प्रत्येक भोक ट्यूबलाइटसमोर धरतात. चार हात कानस, सॉकेट लावून बघ. नाही जात. चार हात कानस. एक कोपरा जातो. दोन हात. एक हात. मग सॉकेट अंगठ्याने दाबल्यावर कुरकुर करत आत जातं आणि बसतं.

त्या दिवशी नाना स्क्रू लावत नाहीत. येईल त्याला बोलावतात, पॅनल उलटं धरतात, हलवतात. सॉकेट पडत नाही. "स्क्रू नाहीत हं," असं सांगतात. लोक कौतुक करतात, बहुतेकांना कशाचं कौतुक करायचं ते कळलेलं नसतं.

मी एकदा म्हटलं, "नाना, पण या सॉकेटला कड आहे ना? ती भोकाच्या बाहेर एमएम-दीड एमएम पसरते. भोक थोडं वाकडं असतं तरी कडेखाली झाकलं गेलं असतं. कुणाला दिसणार आहे?"

"जो उघडेल त्याला."

"कोण उघडणार?"

"मीच," नाना म्हणाले, आणि असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला चहा द्यावा की नाही याचा विचार करू लागले.

नऊ पिनांच्या कनेक्टरसाठी नाना हळहळतात. जुन्या कॉम्प्युटरला मागे असायचा, इंग्रजी डी आकाराचा. चार बाजू, त्यातल्या दोन तिरप्या, कोपरे गोल, आजूबाजूला पंचवीस एमएमवर दोन स्क्रू. "इतकं अवघड भोक लागणारा कनेक्टर लोकांनी टाकून दिला," ते म्हणतात, "आणि त्याच्या जागी आणलं काय, तर यूएसबी." व्हॉल्व्हच्या रेडिओच्या जमान्यातला एक पंच त्यांच्याकडे आहे. आधी बोल्टपुरतं भोक पाडायचं, पत्र्याच्या एका बाजूला पंच, दुसऱ्या बाजूला डाय, मधून बोल्ट, आणि पान्याने आवळत जायचं. पत्र्यातून आरशासारखी गोल चकती निघते, कड गुळगुळीत. माप सव्वा इंचाला एक अष्टमांश कमी, म्हणजे आठ पायांच्या व्हॉल्व्हच्या सॉकेटचं. त्या मापाचं आज काहीच लागत नाही. म्हणून नाना अधूनमधून नुसत्या रद्दी पत्र्यात एखादं पाडून घेतात.

पाण्यापावसाच्या डब्यांबाबत मात्र नाना विनोद खपवून घेत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. गच्चीवरच्या टाकीसाठी सोसायटीने आयपी-६५ चा डबा आणला होता. यातला सहा म्हणजे धूळ अजिबात आत नाही, पाच म्हणजे पाण्याचा फवारा मारला तरी चालतो. हा आकडा बिनभोकाच्या डब्याला मिळालेला असतो. बसवायला आलेल्या माणसाने वायर वरून येत होती म्हणून भोक वरच पाडलं आणि वायरीभोवतीची फट बंद करणारी ग्लँडही लावली नाही. जूनचा पहिला पाऊस झाला आणि अलार्म वाजायला लागला. सेक्रेटरी गच्चीवर गेले, टाकी निम्मी रिकामी. पुन्हा वाजला, पुन्हा गेले, टाकी तशीच. तीन दिवस सोसायटी यंत्राला शिव्या घालत होती. नानांनी डबा उघडला तर आत पाणी काठोकाठ. "यंत्राची काय चूक?" नाना म्हणाले. "भरलंय म्हणून ओरडतंय. काय भरलंय ते तुम्ही त्याला सांगितलं नव्हतं." नवा डबा आला. भोकं खालच्या अंगाला, पीजी-७ ग्लँडला साडेबारा, पीजी-९ ला सव्वापंधरा, वायरीला आत येण्याआधी खाली झोळ, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. तो डबा आजही कोरडा आहे. सेक्रेटरींनी सर्वसाधारण सभेत नानांचे आभार मानले. नानांनी उभं राहून उत्तरादाखल ग्लँडविषयी चार शब्द सांगितले, आणि त्या दिवशी इतर विषय पुढच्या सभेवर ढकलावे लागले.

हे सगळं सुरळीत चाललं असताना चौथ्या मजल्यावरची पोरगी आली. ई-अँड-टीसीच्या तिसऱ्या वर्षाला. तिने काकूंच्या गॅलरीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी घालणारं यंत्र बनवलं होतं आणि दाखवायला आणलं होतं. काकूंना तिने कौतुकाने पंप दाखवला, मातीतला ओलावा कसा मोजतो ते दाखवलं. नानांची नजर डब्यावर. पांढरा, गुळगुळीत, कोपरे गोल.

"डबा कुठून घेतलास?"

"घेतला नाही, आजोबा. प्रिंट केला. कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर."

"आणि भोकं?"

"ती प्रिंटमध्येच येतात."

नानांनी डबा हातात घेतला. ड्रिल लागलेला नाही, कानस लागलेली नाही, तुकडा पडलेला नाही. भोकं जन्मजात. नानांचा चेहरा पडला आणि आम्ही सगळे घाबरलो. मग त्यांनी डबा ट्यूबलाइटसमोर धरला, व्हर्नियर काढला, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला.

"यूएसबी-सीची वायर लाव बरं."

तिने लावली. जाईना. भोक बरोबर बोर्डावरच्या कनेक्टरएवढं, ९ बाय सव्वातीन. पण वायरीच्या टोकाला धरायचं जे प्लास्टिक असतं ते त्याहून बरंच जाड. भिंत तीन एमएमची. प्लास्टिक भिंतीला अडायचं आणि वायरीचं तोंड कनेक्टरपर्यंत पोचायचंच नाही.

"बाळ," नाना म्हणाले, आणि हा शब्द त्यांनी इतक्या मायेने उच्चारला की काकूंनी वळून पाहिलं, "तू कनेक्टर मोजलास. वायर मोजली नाहीस. आणि प्रिंटरमधलं भोक मापापेक्षा जरा लहानच येतं. ती चपटी कानस दे."

दुपारभर त्यांनी तिला कानस शिकवली. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. पोरगी चिकाटीची. पॉटचा कान काय असतो हेही तिने ऐकून घेतलं, आणि तिच्या आधीच्या एका प्रोजेक्टमध्ये कानासाठी भोक ठेवलेलं होतं असं निघालं. नानांनी काकूंना हाक मारून ते दाखवलं.

पुढच्या महिन्यात ती दुसरा डबा घेऊन आली. या वेळी वायर मोजलेली. यूएसबीचं भोक बारा बाय साडेसहापेक्षा जरासं सैल. पॉवर जॅक खटकन बसला. बटणाच्या कानाला जागा. भोकं अर्धा अर्धा एमएम वाढवून काढलेली, म्हणजे छापून नेमकी मापावर आलेली. नानांनी डबा फिरवला, उलटा केला, ट्यूबलाइटसमोर धरला. व्हर्नियर लावला, मिटला. पुन्हा लावला. काढण्यासारखं काही नव्हतं. काकू म्हणाल्या, "झालं की हो छान." नाना काही बोलले नाहीत. त्यांनी झाकण उघडलं आणि आत बघत राहिले.

"पंप बारा व्होल्टचा?"

"हो, आजोबा."

"आणि बोर्डाला पाच व्होल्ट कुठून? ही ७८०५ लावलीयेस ना? बारातून पाच गेले, उरले सात. समज अर्धा अँपिअर खेचला. साडेतीन वॉट. ते कुठे जाणार?"

"उष्णता होणार..." पोरगी म्हणाली.

"आणि हे तुझं पीएलए साठ डिग्रीला मऊ पडतं. गॅलरीत ऊन वेगळंच." नाना खुर्चीतून उठले होते. हाताने फिरवायचा जुना ड्रिल त्यांनी भिंतीवरून काढला, कारण विजेच्या ड्रिलच्या वेगाने प्लास्टिक वितळतं. "हवा खेळायला हवी. खालून आत, वरून बाहेर. दोन्ही बाजूंना भोकं. सहा बाय सहा, छत्तीस आणि छत्तीस."

"पण आजोबा, ७८०५ काढून बक कन्व्हर्टर लावला तर गरमच होणार नाही."

"लाव की," नाना मास्किंग टेपचं टोक नखाने शोधत म्हणाले. "जरूर लाव. आधी तो पंच दे इकडे."